नवीन माणूस गडावर आला की पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो?

गडावरचा_गुरव

मंडळी, परीक्षा संपल्या की दर वर्षी आपल्या खेळात, म्हणजे आपण सगळे टाइप करून एका काल्पनिक गडावरची पात्रं रंगवतो त्या ऑनलाइन खेळात, नवी पोरं येतात. कोल्हापुरातली राजारामपुरी, शाहूपुरी, कसबा बावडा, विद्यापीठाची हॉस्टेलं, शिवाय गडहिंग्लज-इचलकरंजीकडूनही. कुणीतरी मित्राला सांगितलेलं असतं, "चित्रं नाहीत, सगळा मजकूरच आहे, पण एकदा बघ तर." तो येतो, महादरवाज्याचं वर्णन वाचतो, 'नमस्कार' लिहितो आणि पुढं काहीच घडत नाही. आपण सगळे आत सदरेवर आपापल्या प्रसंगात बुडालेलो असतो, दरवाज्यात कुणीच नसतं. तो जरा वेळ थांबतो, 'मदत' टाइप करतो, समोर नियमांची भलीमोठी यादी येते, आणि तो निघून जातो. लॉग, म्हणजे खेळाच्या जुन्या नोंदी, चाळताना हे इतक्यांदा दिसतं की आता मला ते बघवत नाही, म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं असं आहे. नव्या माणसाला काही सांगण्याआधी त्याला काहीतरी विचारा. असं विचारा, की ज्याचं उत्तर त्याच्याशिवाय कुणाकडेच नाही. आणि तो जे सांगेल ते आपल्या जगात खरं धरा.

परवाच्या रात्रीचा हा तुकडा बघा. वाटसरू म्हणजे अजून नाव न घेतलेला नवा खेळाडू. त्याला विचारूनच इथं टाकतोय.

पखालजी खांद्यावरची पखाल खाली ठेवतो, कपाळावरचा घाम पुसतो. "खालनं आलास न्हवं? ओढ्याला पाणी किती चढलंय रं?"
वाटसरू म्हणतो, "गुडघाभर आहे."
पखालजी आत वळून हाक देतो, "हवालदारास्नी सांगा, ओढा गुडघाभर हाय! बैलं उतरत्याल!"
सदरेवर हवालदार हातातला कागद बाजूला ठेवतो. "मग धान्याचे बैल आजच वर घ्या. दार बंद व्हायच्या आत."

या पोराला तोवर एकही नियम माहीत नव्हता. पण त्याच्या दोन शब्दांवर गडाचा कारभार बघणाऱ्या हवालदाराचा बेत बदलला, बैल निघाले, पुढं अंबरखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, साठा सांभाळणाऱ्या कारखानिसाची धावपळ झाली. तो त्या रात्री दार बंद होईपर्यंत थांबला, आणि दुसऱ्या दिवशी बैलांचं काय झालं ते विचारत परत आला.

तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला डावांची यादी वाचून दाखवत नाही, आधी कुस्तीच्या मातीचा हौदा उकरायला लावतो. त्याचा हात मातीला लागला की पुढचं सगळं शिकवता येतं. आपण नेमकं उलटं करतोय.

सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा. विरोध असेल तर तोही.


सबनीस_कसबा

गुरव, तुमची कळकळ पटते, पण मी नियम आधी या मताचा आहे आणि त्याची कारणं आहेत.

आपला गड काल्पनिक असला तरी काळ १६५९-६० चा आहे, पन्हाळ्याला वेढा पडण्याच्या आधीचा. या काळाबद्दल इथं प्रत्येकाच्या मनात आदर आहे. म्हणून आपला पहिला नियम आहे की महाराज किंवा इतिहासातली कुणीही खरी व्यक्ती पात्र म्हणून घ्यायची नाही, त्यांच्या तोंडी एक वाक्यही घालायचं नाही. नव्या माणसाला हे आधी सांगितलं नाही आणि त्यानं उत्साहाच्या भरात काहीतरी लिहिलं, तर ते नंतर पुसून भागत नाही. कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो.

दुसरं म्हणजे गॉडमोडिंग. 'मी वार केला आणि तो मेला' असं दुसऱ्याच्या पात्राचं परस्पर ठरवून टाकणं. हेराचं ते लांबलेलं कथानक आठवा. किती जणांनी त्यात संध्याकाळी घातल्या होत्या, आणि एका नव्या खेळाडूनं येऊन हेराला दरवाज्यातच ठार केलं. परदेशातल्या अनेक मजकुरी खेळांत आधी पात्राचा अर्ज द्यावा लागतो, तो मंजूर झाला की मगच आत प्रवेश मिळतो. आपणही तेच करावं.

आणि तुमच्या प्रश्नाची एक अडचण सांगतो. उद्या कुणी म्हणाला, "ओढ्यात मगर आहे, तिला पंख आहेत," तर तेही खरं धरायचं का?


मंगळवार_पेठ

सबनीसकाका, ऐतिहासिक व्यक्तींचा नियम दारातच सांगायला हवा, यात दुमत नाहीच. तो एका ओळीत मावतो.

मगरीचं असं आहे. वाटसरूनं ती *पाहिली* हे खरं धरायचं. पखालजी म्हणेल, "अरं देवा, पोरगं भ्यालंय वाटतं," आणि दोन गडी मशाली घेऊन खाली बघायला जातील. तिथं ओंडका सापडेल किंवा आणखी काही. त्याचं बोलणं कुणी खोडलं नाही, जगही बिघडलं नाही, आणि तो दोन गड्यांबरोबर वाट दाखवायला निघाला. अनुभवी खेळाडूला एवढं जमायला हवं, नाहीतर अनुभवाचा उपयोग काय?

अर्जाला मात्र माझा ठाम विरोध. अर्जात 'पात्राचा पूर्वेतिहास लिहा' असा रकाना असतो. ज्याला हे जग अजून माहीत नाही त्यानं पूर्वेतिहास कुठून आणायचा? ज्यांना आधीपासून लिहिता येतं तेच अर्ज भरून आत येतील. दहावी झालेली, मराठीत चार ओळी लिहायला बिचकणारी पोरगी त्या रकान्यावरूनच परत जाईल, आणि मला तीच आत यायला हवी आहे.


यंत्रमाग_इचल

कथेचं तुम्ही बघा. मी यंत्राच्या बाजूनं लिहितो, कारण बरीच नवी माणसं कथेपर्यंत पोचायच्या आतच अडकतात.

या खेळांचा सांगाडा इंग्रजी वाक्यावर उभा राहिला. क्रियापद आधी, वस्तू नंतर. आपला माणूस 'दार उघड' लिहितो, 'उघड दार' नाही. शिवाय मराठीत शब्द आपलं रूप बदलतो. 'घोडा' असं नाव दिलेली वस्तू 'घोड्याला पाणी पाज' या वाक्यात यंत्राला सापडत नाही, कारण 'घोड्या' हे त्याच्या यादीतच नाही. नव्या माणसानं अगदी शुद्ध मराठीत आज्ञा लिहायची आणि उत्तर यावं 'समजलं नाही', हा त्याचा अपमान आहे. मी आता क्रियापद शेवटी शोधतोय आणि प्रत्येक वस्तूला तिचं सामान्यरूप जोडतोय. पेटी, पखाल, घोडा, दार, मशाल एवढं झालंय, बाकी सुरू आहे.

दुसरी भानगड अक्षरांची. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, 'कि' एवढ्याशा अक्षराला 'क' आणि वेलांटी मिळून सहा लागतात. जुना कोड ऐंशी बाइट मोजून ओळ तोडायचा, त्यामुळं ओळीच्या शेवटी अक्षर मधोमध कापलं जाऊन चौकोन दिसायचे. बघणाऱ्याला वाटायचं, आपलाच फोन खराब आहे. ते आता दुरुस्त झालंय. कुणाला अजून चौकोन दिसत असतील तर फोन आणि अ‍ॅपचं नाव मला कळवा.

रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही यंत्रानं स्वीकारावं असं मला वाटतं. आज्ञांपुरतं. संवाद देवनागरीत झाले तर उत्तम, पण पहिल्या रात्री कुणाला कीबोर्डवरून अडवू नका.


ऐकून_खेळणारा

मी हा खेळ वाचत नाही, ऐकतो. मला दिसत नाही. संगणकावर एनव्हीडीए वापरतो, फोनवर टॉकबॅक, दोन्ही स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतात. जगभर अनेक अंध खेळाडू मजकुरी खेळांकडे वळतात, कारण चित्रांच्या खेळात आम्हाला जागा फार थोडी आहे आणि इथं मी आणि डोळस माणूस अगदी बरोबरीनं खेळतो. नव्यांच्या स्वागतात आमचाही विचार करा म्हणून चार गोष्टी लिहितो.

खेळ उघडल्यावर पहिल्या पानावर चिन्हांनी काढलेला बुरूज आहे. तुम्हाला तो सुंदर दिसत असेल. मला "बरोबर बरोबर बरोबर, तिरकी रेघ, तिरकी रेघ" असं ऐकत राहावं लागतं, आणि त्यातून बाहेर पडेपर्यंत दरवाज्यातला पहिला माणूस बोलून गेलेला असतो. चित्र काढून टाका असं म्हणत नाही. पहिलीच ओळ अशी द्या: 'वाचक सॉफ्टवेअर वापरत असाल तर इथं "ऐका" लिहा.' तेवढं लिहिलं की चित्रं, रंगांच्या खुणा, रेघा सगळं बंद व्हावं.

दुसरं, स्वागताला पाच जण एकदम धावू नका. नवा माणूस आला की एकाच क्षणी पाच परिच्छेद येतात. ऐकणाऱ्याला ते एकामागून एक ऐकावे लागतात आणि पहिल्याला उत्तर देईपर्यंत दहावा येतो. डोळसांनाही हे जड जात असणार. एकच माणूस बोलू दे. छोटी वाक्यं. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. टायपिंग सावकाश असू शकतं, इंटरनेट सावकाश असू शकतं, किंवा तो विचार करत असेल.

गुरवांनी टाकलेला तुकडा मला आवडला तो याचसाठी. पखालजीनं एकच प्रश्न विचारला आणि तो थांबला.


गडावरचा_गुरव

@ऐकून_खेळणारा, पहिल्या ओळीचं काम आजच करतो. बाकी बोलायला यंत्रमाग आहेतच.

आता थोडं मागं जातो, कारण हा प्रश्न आपल्यापुरता नाही. असा पहिला अनेकांनी मिळून खेळायचा मजकुरी खेळ इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रुबशॉ यानं लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यानं तो पुढं वाढवला. अशा खेळांना मड म्हणतात, ते नाव तिथूनच आलं. याच बार्टलनं १९९६ साली खेळाडूंच्या चार प्रकारांवर लेख लिहिला आणि त्यांना पत्त्यांचे चार रंग दिले. चौकट म्हणजे कमावणारे, इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, बदाम म्हणजे माणसांत रमणारे, किलवर म्हणजे दुसऱ्यावर चालून जाणारे.

आपल्या दरवाज्यात उभं राहिलं की हे चारही ओळखू येतात. एक जण येतो आणि विचारतो, "लेव्हल कशी वाढते?" दुसरा कुणाशी न बोलता 'पहा', 'उत्तर', 'पहा', 'पूर्व', 'पहा' करत सुटतो आणि थेट अंधारबाव या विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन पोचतो. तिसरा लिहितो, "कोणी आहे का?" चौथा तलवार कुठं मिळते ते शोधतो. ओढ्याचा प्रश्न बदामाला लगेच भिडतो. इस्पिकाला तो वाटेत अडवल्यासारखा वाटेल, त्याला विचारा, "पायऱ्यांवर उजेड दिसला का कसला?" चौकटवाल्याला पत्र द्या, "एवढं सबनिसाकडं पोचव आणि पोच घेऊन ये." पोच हातात पडली की त्याला काहीतरी मिळालं. किलवरला पहाऱ्यावर उभं करा, त्याचा जोर गडाच्या कामी येऊ दे.

आणि सबनीस, नव्याचं बोलणं जगात खरं धरायची कल्पनाही माझी नाही. १९८९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस यानं टायनीमड लिहिला, त्यात लढाईला महत्त्वच ठेवलं नाही आणि खेळाडूंना स्वतःच खोल्या बांधू दिल्या. आलेल्या माणसाच्या शब्दांतून ते जग वाढलं. आज नुसत्या संवादावर आणि पात्रांवर चालणारे जे खेळ आहेत, त्यातल्या कितीतरींची मुळं तिथं जातात. आपण खोल्या बांधू देत नाही, ठीक आहे. ओढ्याचं पाणी तरी त्याच्या हातात देऊया.


वऱ्हाडी_वाट

मी अकोल्याचा. इथं जवळपास सगळे कोल्हापूरकर, म्हणून एक सांगावंसं वाटते. पहिल्या दिवशी मी माझ्या बोलीत लिहिलं तर एकानं पात्राबाहेर येऊन सांगितलं, "इथं कोल्हापुरी बोलतात." मी दोन आठवडे फक्त वाचत होतो मग. गडावर चहूबाजूंनी माणसं येत असतीलच ना? कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून. माझा बैलवाला वऱ्हाडीच बोलंल, अन् गडावरच्यानं त्याला कोल्हापुरीत उत्तर द्यावं. मजा तर त्यातच आहे.


मंगळवार_पेठ

@वऱ्हाडी_वाट, दादा, तुमचा बैलवाला आमच्या गडाची शोभा आहे. कुणी परत असं म्हणालं तर थेट मला सांगा.

याच्या उलटंही घडलंय. आमच्याकडं बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, आमच्या आज्जीपासून आमच्यापर्यंत. एका नव्या मुलीनं तिच्या पात्राच्या तोंडी 'मी येतो' लिहिलं, तर बाहेरगावच्या खेळाडूनं तिला पुरुष समजून पहाऱ्याच्या खोलीत पाठवलं आणि वर व्याकरणही शिकवलं. नव्या माणसाची भाषा पहिल्या दिवशी दुरुस्त करायची नाही, कुणाचीच नाही.

आता मला खरं काळजीचं वाटतं ते लिहिते. नवी मुलगी आली की खाजगी निरोप सुरू होतात. "कुठली गं तू?" "कुठल्या कॉलेजला?" "कुठली गल्ली?" मुंबईत कदाचित यानं काही बिघडत नसेल. कोल्हापुरात कॉलेज आणि पेठ सांगितली की माणूस सापडतो, कुणाच्या तरी मावशीचा शेजारी निघतो. ती मुलगी इथं गडावरची कासारीण व्हायला आलेली असते, तिला घरचा पत्ता विचारू नका. पात्राबाहेरची माहिती नव्या खेळाडूला विचारायचीच नाही, हा नियम ऐतिहासिक व्यक्तींच्या नियमाइतकाच वर असायला हवा. रंकाळ्यावर आपण जुने लोक भेटतो तेव्हाही नव्यांना आग्रह करायचा नाही. यायचं असेल तेव्हा ते स्वतः विचारतील.

आणि इथं अठराच्या आतली बरीच मुलं आहेत. प्रेमप्रसंग किंवा फार रक्तपात असलेलं कथानक नव्याच्या अंगावर टाकायचं नाही. प्रसंग नकोसा झाला तर 'पडदा' लिहायचं आणि सगळ्यांनी तिथंच थांबायचं, कारण विचारायचं नाही, ही सोय पहिल्याच रात्री सांगा. ती वापरल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही, हेही त्याच दमात सांगा.


सबनीस_कसबा

मंगळवार पेठेचे दोन्ही मुद्दे मला पूर्ण मान्य, आणि ते मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी बाहेर काढायला मी स्वतः उभा राहीन.

अर्जाचा आग्रह सोडतो, पण त्याच्या जागी एक मागतो. नव्या पात्राला पहिले काही दिवस शस्त्र मिळू नये. गडावर परक्याला हत्यार घेऊन आत सोडत नव्हतेच, त्यामुळं हे कथेतही बसतं. चौकीवर तलवार ठेवून घ्यायची, सबनिशीत नोंद करायची. सबनिसाचं काम हजेरी आणि हिशेबाचंच होतं, ती नोंद मी आनंदानं ठेवेन. तेवढ्या दिवसांत माणूस कळतो, त्यालाही आपण कळतो, आणि हेराच्या वेळी झालं ते टळतं.

आणखी एक. प्रत्येकाला मावळा किंवा सरदार व्हायचं असतं, आणि मग 'मला इतिहास येत नाही' म्हणून घाबरायलाही होतं. त्यांना इतर कामं सुचवा. तेली, कासार, पखालजी, गुरव, अंबरखान्यातला मापाडी. भाकरी कशी भाजतात, बैल कसा हाकतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गडावर राहण्यापुरता इतिहास येतो. बाकीचा आपण सांगू, विचारल्यावर.


पायवाट

मी तोच वाटसरू, ओढ्यावाला. धागा कालपासून वाचतोय, लिहायचं धाडस आज झालं.

गुडघाभर मी असंच लिहिलं होतं. आमच्या गावात ओढा आहे, पावसात शाळेला जाताना तो गुडघाभर असला तर आई सोडायची, त्याच्या वर असला तर नाही. तेच डोक्यात आलं. मग सदरेवरच्या माणसानं बैल वर घ्यायला सांगितले तेव्हा मी फोन घेऊन उठून बसलो. मला वाटलं होतं की हे लोक मला परीक्षा घेऊन आत घेतील.

सबनीसकाका, तलवार ठेवून घ्या, काही वाईट वाटणार नाही. पण ठेवून घेताना कुणीतरी बोला. नुसतं 'शस्त्र जप्त' असं आलं तर दंड झाल्यासारखं वाटेल.


गडावरचा_गुरव

@पायवाट, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. सबनीस, चौकीवरचा संवाद तुम्हीच लिहून द्या, यंत्रमाग तो बसवतील. यंत्रानं नुसती नोंद करायची. त्या वेळी जवळ कुणी खेळाडू असेल तर बोलणं त्यानंच करायचं.

मग असं ठरवूया. रोज संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दरवाज्यात एक जुना खेळाडू असेल, पात्रात. पखालजी मी आठवड्यातून तीन दिवस करतो. बुधवार आणि शनिवार मंगळवार पेठ. बाकी दोन दिवसांसाठी नावं हवीत. दरवाज्यात असणाऱ्यानं त्या वेळात दुसऱ्या कथानकात गुंतायचं नाही, म्हणजे संध्याकाळ जरा कंटाळवाणी जाईल, हे आधीच सांगतो. 'मदत' लिहिल्यावर येणारी यादी काढून तिथं तीनच गोष्टी राहतील: खऱ्या व्यक्ती पात्र म्हणून घ्यायच्या नाहीत, दुसऱ्याच्या पात्राचं परस्पर ठरवायचं नाही, कुणाची खरी ओळख विचारायची नाही. त्याखाली 'पडदा' आणि 'ऐका' या दोन आज्ञा. उरलेले नियम कुठंही जात नाहीत, 'नियम' लिहिलं की मिळतील.


वऱ्हाडी_वाट

सोमवार मी घेतो. बैलवाला दारातच बैल बांधून बसंल.


ऐकून_खेळणारा

शुक्रवार माझा. मला उत्तर द्यायला अर्धं मिनिट जास्त लागतं, तेवढं नव्यांना सांभाळून घ्यायला सांगा.


यंत्रमाग_इचल

शुक्रवारी मीही जागा असतो, काही अडलं तर हाक मारा. 'ऐका' आज्ञा चाचणीसाठी चालू केली आहे. @ऐकून_खेळणारा, आज रात्री बघून सांगा, रंगांच्या खुणा अजून कुठं राहिल्यात का.


पायवाट

एक विचारायचं होतं. मला आता मापाडी व्हायचंय, अंबरखान्यात. वाटसरूचं नाव बदलून घेता येतं का, की नवीन पात्र काढावं लागेल?


सबनीस_कसबा

नवीन काढू नकोस, ओढ्याची नोंद याच पात्रावर आहे. उद्या आठनंतर सदरेवर ये आणि नाव सांग, मी सबनिशीत घालतो. मापं कारखानिसाकडून घ्यावी लागतील, तो नऊपर्यंत असतो.